उगारलेला हात थांबवण्याची विद्या

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात एक आजी नातवाला घेऊन आमच्या क्लासवर आल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. त्यांनी छत्री दाराशी उभी केली, पदराने पोराचं डोकं पुसलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, ह्यो आधीच घरात सगळ्यांका मारता. आनि तुमी त्येका अजून मारूक शिकवतास?"

मुलगा नऊ वर्षांचा. त्याच्या आईने नाव घातलं होतं, आजींना ते पटलेलं नव्हतं. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात, देवळामागच्या कौलारू हॉलमध्ये मी पंधरा वर्षं कराटे शिकवते. हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून अनेकदा आला आहे, आणि तो रास्त आहे. कराटे, जुडो, तायक्वांदो शिकल्याने मन शांत होतं, माणूस आतून घडतो, असं सगळेच म्हणतात. पण मारामारीचा सराव करून माणूस शांत कसा होईल? ऐकायला हे उलटंच वाटतं. आजींना मी एवढंच म्हटलं, "चार दिवस इथे बसून बघा." त्यांनी काय पाहिलं आणि त्यामागे काय चालतं, ते इथे सविस्तर सांगते.

पहिल्याच दिवशी त्यांना दिसलं ते असं. दहावीतल्या दोन मुली समोरासमोर उभ्या. एकीने पाऊल टाकून पूर्ण वेगाने दुसरीच्या तोंडावर ठोसा सोडला. आजींनी हातातली पिशवी घट्ट धरली. ठोसा नाकाच्या अलीकडे थांबला. समोरच्या मुलीच्या कपाळावरची बट हलली, बाकी काहीच हललं नाही.

याला जपानी भाषेत सुन्दोमे म्हणतात. 'सुन' हे जुनं जपानी माप आहे, साधारण 3 सेंटिमीटरचं, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढं. ठोसा तेवढ्या अंतरावर थांबवायचा. ही युक्ती वाटते तितकी सोपी नाही. ठोसा मारताना दंडाच्या मागचे स्नायू कोपर सरळ करतात. तो थांबवायचा तर दंडाच्या पुढचे, आपण बेटकुळी काढून दाखवतो ते स्नायू नेमक्या क्षणी आवळावे लागतात. वेगात सुटलेला ठोसा डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचतो. हात निघाल्यावर अंतर बघायचं, मग ठरवायचं, मग हाताला सांगायचं, एवढी सवड मिळतच नाही. ब्रेक कुठे लागणार हे हात सुटण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. म्हणजे थांबणं हा मारण्याचाच एक भाग होतो.

हात उगारणं कुणी कुणाला शिकवत नाही. दोन वर्षांचं मूलही उगारतं. उगारलेला, पूर्ण जोरात सुटलेला हात ठरलेल्या जागी थांबवणं मात्र शिकावं लागतं, आणि ते शिकताना माणसाच्या स्वभावाला हात घातला जातो. आमच्या विद्येत जे काही अध्यात्म आहे ते मला इथे दिसतं. (क्योकुशिनसारख्या शैलींत अंगावर खरोखर मारतात. तिथे हाच धडा वेगळ्या वाटेने, मार सोसताना येतो.)

ही विद्या 'मार्ग' कशी झाली ते थोडक्यात सांगते, कारण याविषयी बरेच गैरसमज आहेत. जपानमध्ये झटापटीच्या जुन्या तंत्रांना जुजुत्सू म्हणत. 'जुत्सू' म्हणजे कसब. 1882 साली जिगोरो कानो या एकवीस वर्षांच्या तरुणाने टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत आपली शाळा काढली आणि 'जुत्सू' काढून तिथे 'डो' हा शब्द ठेवला. 'डो' म्हणजे मार्ग, वाट. जुजुत्सूतून जुडो झाला तो असा. नुसतं नाव बदललं नाही, हेतू बदलला. प्रतिस्पर्ध्याला लोळवणं हे साधन झालं आणि माणूस घडवणं हे काम.

कराटेची गोष्ट समुद्राकाठची आहे, म्हणून मला ती जवळची वाटते. कराटे ओकिनावा बेटांवर वाढलं. तिथे होडीचं वल्हंसुद्धा शस्त्र म्हणून चालवायची परंपरा आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा ज्याचे वडील मासेमारीला जातात तो एक मुलगा दुसऱ्या दिवशी घरचं वल्हं घेऊन हजर झाला होता. याच बेटांवर 1868 साली गिचिन फुनाकोशी जन्मले. ते पेशाने शाळामास्तर. 1922 साली त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक केलं आणि तिथेच राहून शिकवलं. ते कविता करायचे आणि 'शोतो' हे टोपणनाव घ्यायचे. शोतो म्हणजे पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा. शिष्यांनी त्यांच्या शाळेला शोतोकान, म्हणजे शोतोंचं घर, असं नाव दिलं. आपल्याकडे किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. रविवारी सकाळी आम्ही तिथे वाळूत सराव करतो. वारा सुटला की सुरूच्या सुयांतून जो घुमणारा आवाज येतो, समुद्राचा की झाडांचा हे कळत नाही, तो ऐकला की हे नाव मला मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

'कराटे' पूर्वी लिहीत ते 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी. पुढे उच्चार तोच ठेवून 'रिकामा हात' असा अर्थ होणारं अक्षर आलं, आणि 1936 साली नाहा शहरात जमलेल्या ओकिनावातल्या जाणत्यांनी ते मान्य केलं. रिकामा म्हणजे शस्त्राविना, हे तर झालंच. फुनाकोशींना त्यात मनाचा रिकामेपणाही अभिप्रेत होता. स्वार्थ आणि दुष्टावा काढून टाकलेलं मन.

दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने चीनमध्ये हे सगळं सुरू केलं, असं आपण अभिमानाने सांगतो. त्याला भक्कम पुरावा नाही. मला स्वतःला खरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कानो शिक्षणक्षेत्रातले, फुनाकोशी शाळामास्तर, आणि फुनाकोशींचे गुरू आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांमध्ये कराटे नेलं. समोर वाढत्या वयाची मुलं आहेत आणि त्यांच्या हाती आपण एक धोक्याची विद्या देतो आहोत, तर तिला वळण कसं लावायचं, या विचारात असलेल्या मास्तरांनी या कसबाचा मार्ग केला.

आता आत काय घडतं ते बघू. सुरुवात भीतीपासून करावी लागते, कारण वर्गात पहिल्यांदा भेटते ती भीतीच.

सातवीतली एक मुलगी. सहा महिने उत्तम सराव केलेला, हातपाय अगदी नीट चालायचे. पहिल्यांदा जोडीदारासमोर कुमितेला, म्हणजे समोरासमोर लढण्याच्या सरावाला, उभी केली, आणि शिकलेलं सगळं गेलं. समोरच्याने नुसतं पाऊल टाकलं तर हिने डोळे मिटले, हनुवटी वर झाली, खांदे कानांपर्यंत चढले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिने श्वास धरून ठेवला. हे तिचं वैगुण्य नव्हतं. धोका वाटला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते, श्वास वर वर चालतो, नजर आक्रसते, बोटांची नाजूक कामं बिघडतात. पळायला किंवा तुटून पडायला शरीर तयार होतं, विचार करायला नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये, साहेबांसमोर, घरच्या भांडणातही हेच होतं. फक्त तिथे ते इतकं उघड दिसत नाही.

"घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, कारण भीती आपल्या हुकमात नसते. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण चालवला तर आपलंही ऐकतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. हे काम वॅगस नावाच्या मज्जातंतूमार्फत चालतं. म्हणून त्या मुलीला मी एकच गोष्ट सांगितली, समोरचा पुढे आला की श्वास सोडायचा. कराटेत जी आरोळी असते, किआई, ती मुळात आवाजासकट सोडलेला श्वासच आहे. तीन महिन्यांनी ती मुलगी घाबरतच होती, पण डोळे उघडे ठेवून. "मॅडम, छाती धडधडते तेव्हा आता कळतं, ही सुरुवातीची धडधड आहे, थांबते नंतर," असं तिने मला सांगितलं. स्वतःच्या आत चाललेली गोष्ट जरा बाजूला उभं राहून पाहणं, याला आपले संत साक्षीभाव म्हणतात. सातवीतल्या पोरीला तो शब्द ठाऊक नव्हता, गोष्ट कळली होती.

भीतीच्या पुढची पायरी म्हणजे लक्ष. ताकुआन सोहो (1573–1645) हे झेन भिक्षू. शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याला, तलवार शिकवणाऱ्या यागयू मुनेनोरी यांना त्यांनी एक पत्र लिहिलं, त्याचं सार असं की मन थांबलं की माणूस हरतो. समोरच्याच्या तलवारीवर मन ठेवलंत तर तलवार ते पकडून ठेवते, स्वतःच्या तलवारीवर ठेवलंत तर ती पकडून ठेवते. जिंकायच्या विचारावर ठेवलंत तर तो विचार. मन कुठेच ठेवू नका, म्हणजे ते सगळीकडे असेल.

हे गूढ वाटतं, पण आमच्या भागातल्या कुणालाही साकव आठवला की कळावं. पोफळीच्या दोन खोडांचा साकव, खाली पावसाळ्यातला गढूळ वहाळ. जो पायाकडे बघत राहतो त्याचा पाय लटपटतो. जो पाण्याकडे बघतो त्याला भोवळ येते. रोज जाणारी बाई डोक्यावर भारा घेऊन बोलत बोलत पलीकडे जाते. तिला पाय, पाणी, खोडं, भारा सगळं कळत असतं, पण मन त्यातल्या एकावरही अडकून बसत नाही. जपानीत या अवस्थेला मुशिन म्हणतात, शब्दशः 'मन नाही'. मन गोठलेलं नाही, अडकलेलं नाही, असा त्याचा अर्थ. सुन्दोमेचा ठोसा बरोबर थांबायला हेच लागतं. हात थांबायला हवा आणि मन थांबता कामा नये. "लागेल का, लागेल का" म्हणत मारलेला ठोसा एक तर हातभर आधीच थांबतो किंवा खरोखर लागतो.

पण असं मन ठरवून आणता येत नाही, ते सरावातून येतं. आणि सराव म्हणजे कंटाळा. हे पालकांना मी आधीच सांगते.

आमच्या पहिल्या काताला हेइआन शोदान म्हणतात. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, एकट्याने करायच्या. यात 21 हालचाली आहेत. हुशार मूल त्या आठवड्यात पाठ करतं, आणि मग विचारतं, "मॅडम, पुढची कधी?" पुढची लवकर नसते. तीच पुन्हा. या काताची पहिली हालचाल बचावाची आहे, हल्ल्याची नाही, हेसुद्धा पुष्कळांच्या लक्षात पहिल्या वर्षी येत नाही. कमरेतून जोर कसा काढायचा हे तर त्याहून उशिरा. ते मी वर्गात सांगून थकले आणि शेवटी मुलांना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, बघायला नेलं. किनाऱ्यावर तीस-चाळीस माणसं दोर ओढतात. त्यात सत्तरीचे म्हातारे असतात, काटकुळ्या बायका असतात. कुणीही नुसत्या हाताने ओढत नाही. टाच वाळूत रुतवायची, दोर कमरेशी घ्यायचा आणि अख्खं अंग मागे टाकायचं. हात फक्त दोर धरायला. एका मुलाने दोर हातात घेतला, दोन मिनिटांत दंड भरून आले, शेजारच्या काकांनी त्याला कमरेवर थाप मारून दाखवलं, "हयसून." म्हणजे इथून. त्या सोमवारी त्याचा ठोसा बदललेला होता.

तेच ते केल्याने काय होतं त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे, अंगवळणी पडणं. सुरुवातीला प्रत्येक हालचालीसाठी मेंदूचा विचार करणारा भाग राबत असतो. पुनरावृत्तीने ते काम हळूहळू लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल भागातली केंद्रं उचलतात, झोपेतही ती शिकवण पक्की होत जाते. मग विचार करणारा भाग मोकळा होतो. कातातला पाय आपोआप पडतो आणि माणसाला स्वतःकडे बघायला सवड मिळते. आज मी घाईत आहे. आज मी दुसऱ्यांना दाखवण्यासाठी करते आहे. आज सकाळचा राग खांद्यात बसला आहे. काता रोज तीच असल्यामुळे रोजचा फरक आपला असतो, आणि तो दिसतो.

पतंजलींनी अभ्यास दृढ व्हायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पाडता, आदराने. पहिल्या दोन सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला तिसरी महत्त्वाची वाटते. मरगळून केलेल्या हजार आवृत्त्या मरगळच पक्की करतात. जपान्यांनी शिकण्याचे टप्पे तीन शब्दांत सांगितलेत, शू, हा, री. आधी घडी जशीच्या तशी सांभाळायची, मग ती उकलून बघायची, मग ती मागे पडते. दशावतार पाहिलेल्याला हे नवीन नाही. लिहिलेल्या संवादाशिवाय रात्रभर बोलणारा राजा त्याआधी कित्येक वर्षं जुन्या नटांच्या बाजूला उभा राहून ऐकत आलेला असतो.

आता राग, आणि इथे मला माझं सांगायचं आहे. तिशीत असताना मी एका शहरात ब्राऊन बेल्टची तयारी करत होते. कुमितेत एका तरुण मुलाची लाथ चुकून माझ्या बरगडीला लागली. त्याने लगेच हात वर करून माफी मागितली. मी ती पाहिली, आणि तरीही पुढच्या क्षणी ठोसा थांबवला नाही. त्याचा ओठ फुटला. पांढऱ्या ड्रेसवर रक्ताचे तीन थेंब पडले, ते मला आजही दिसतात. सरांनी आवाज चढवला नाही. मला भिंतीशी बसवलं आणि वर्ग पुढे चालू ठेवला. तासभर मी बसले. त्या तासात मला एक गोष्ट कळली, ती कुठल्याही प्रवचनात कळली नसती. मला दुखलं म्हणून मी मारलं नव्हतं. एवढ्या लोकांसमोर एका नवख्याची लाथ आपल्याला लागली, हे मला सहन झालं नव्हतं. वर्ग संपल्यावर मी त्या मुलासमोर वाकले. तोही वाकला, आणि म्हणाला, "ताई, उद्या परत करू या."

जोडीदार आपलं शरीर आपल्याला सरावासाठी देतो. त्याचं नाक, त्याची बरगडी, त्याचा विश्वास. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी वाकायचं, ते यासाठी. कानोंचं एक तत्त्व आहे, जिता क्योएई, म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं भलं मिळून होतं. चटईवर हे अक्षरशः खरं आहे, जोडीदार जायबंदी केलात तर उद्या सराव कुणाबरोबर?

आणि आदराची ही चौकट काढून टाकली तर? 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतले संशोधक मायकेल ट्रुलसन यांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या 34 किशोरवयीन मुलांचे तीन गट केले. एका गटाला परंपरेप्रमाणे तायक्वांदो शिकवला, ध्यान, आदर, विचार यांसकट. दुसऱ्याला फक्त लढण्याचं तंत्र. तिसऱ्याला धावणं आणि बास्केटबॉल. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याची वाढली. मुलं थोडी होती, त्यामुळे एका प्रयोगावर सगळी भिस्त ठेवू नये. पण मी जे डोळ्यांनी पाहत आले त्याच्याशी हे जुळतं. आजींची भीती खोटी नव्हती. चुकीच्या हाती गेलेलं मूल मारकुटं होऊ शकतं.

हे सगळं जपानचंच आहे असंही नाही. आपल्या तालमीत पैलवान उतरण्याआधी लाल माती कपाळाला लावतो, कोनाड्यात मारुती असतो, वस्ताद शिव्या देतात आणि खुराकाची चौकशीही तेच करतात. मर्दानी खेळात पट्टा फिरवणारा लिंबू कापतो, ते धरणाऱ्याच्या तळहाताला ओरखडा न आणता. तेही सुन्दोमेच आहे.

अध्यात्म हा शब्द मी जपून वापरते. स्पर्श न करता माणूस पाडणं, 'की' नावाची अदृश्य शक्ती फेकणं, असले चमत्कार दाखवणारे लोक आहेत. त्यांच्यापासून मुलांना दूर ठेवा. बेल्टचंही तेच. कानोंनी दर्जे आणि काळा पट्टा आणला. त्या पहिल्या काळ्या पट्ट्याला म्हणतात शोदान, त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, असा हिशेब कुणी मांडला तर तिथे सुरुवातही झालेली नाही असं समजा.

क्लास निवडताना फी विचारण्याआधी एक संध्याकाळ मागे बसून बघा. सर सगळ्यात लहान मुलासमोर नीट वाकतात का? कुणाला लागलं तर सराव थांबतो का, की हसतात? वर्ग संपल्यावर केर कोण काढतं? आमच्याकडे पावसात हॉलभर ओली पावलं उमटतात. ती गोणपाटाने पुसायचं काम बेल्टच्या उतरत्या क्रमाने लागतं, म्हणजे ब्राऊन बेल्टवाले आधी.

आजी चार दिवसांसाठी आल्या, त्या अजून येतात. दाराशी बसून वाती वळतात. नातू सुधारला असं मी म्हणणार नाही. परवा त्याने चुलतभावाला परत मारलं आणि आजींनी ते माझ्या कानावर घातलं. मी त्याला वेगळा सराव दिला. खांबापासून खांबापर्यंत दोरी बांधली, वर्तमानपत्राचा एक कागद त्यावर टांगला. कागदाला हात न लावता ठोसा, पूर्ण वेगाने, पन्नास वेळा. पहिल्या दहात कागद फाटला, दुसरा लावला. मग तो लांबूनच थांबायला लागला, कागद ढिम्म. तो चिडला, एकदा रडलासुद्धा. चाळिसाव्याच्या आसपास त्याने श्वास सोडला, कंबर वळली, मूठ गेली आणि थांबली. कागद वाऱ्याने उचलल्यासारखा मागे गेला आणि परत जागेवर आला. त्याने आजीकडे वळून पाहिलं. आजींच्या हातातली वात तशीच राहिली होती.